प्रेमाबाईंचा सहा फूट अकरा इंची भाऊसिंग

कामरगावच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, प्रेमाबाई कुठं राहतात. जीपवाला तोंडातला खर्रा न काढता नुसती मान वळवून दाखवेल, ते काय पूनमचंदांचं भांड्याचं दुकान. आजूबाजूच्या खेड्यांत असं घर सापडायचं नाही की जिथं प्रेमाबाईंचं अक्षर पोचलं नाही. लग्नात द्यायची कळशी असो, वास्तूचं ताट असो, नाहीतर शाळेच्या खेळांत द्यायचा पेला असो, भांडं पूनमचंद विकतात आणि त्याच्यावर नाव प्रेमाबाई टाकतात. हातात ती टर्रर्र करणारी छोटी मशीन आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. स्टीलवर पडलेला ठिपका काही पुसता येत नाही. म्हणून आधी पेन्सिलीनं आखायचं, गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्याच्या तोंडून हो म्हणवून घ्यायचं आणि मगच मशीन लावायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. नुसती मान डोलावलेली चालत नाही. घाई करणाऱ्याला त्या सरळ सांगतात, जा, चहा पिऊन ये.

ही झाली गावाला ठाऊक असलेली प्रेमाबाई. आता सांगायची ती दुसरी. एकसष्ट वर्षांची ही बाई एका बास्केटबॉल संघाची मॅनेजर आहे, आणि तिच्या हाताखाली तयार झालेला सहा फूट अकरा इंच उंचीचा पोट्टा भारताच्या संघातून खेळला आहे. हसू नका. कामरगाव आधी पोटभर हसून बसलंय, आणि आता तेच गाव पाहुण्यांना हे छाती फुगवून सांगतं.

तो संघ मोबाइलमध्ये आहे, एवढंच. जगभरातली हजारो माणसं या ऑनलाइन खेळात आपापला संघ चालवतात. चेंडूला कुणाचाच हात लागत नाही. अठरा वर्षांची कोवळी पोरं खेळच तयार करून देतो. कुणाला काय शिकवायचं आणि कुणाला कोणत्या जागी उभं करायचं, हे मॅनेजरनं ठरवायचं. आठवड्याला तीन सामने होतात, एक गटातला आणि दोन सरावाचे, आणि शुक्रवारी आठवडाभराचं शिक्षण अंगी लागतं. पण ज्यानं त्या जागेवर पुरी अठ्ठेचाळीस मिनिटं घाम गाळला, त्याच्याच अंगी लागतं. बाकावर बसणाऱ्याला काही नाही. आणि दर चौदा आठवड्यांनी हंगाम संपतो, तेव्हा सगळ्या पोरांचं वय एक वर्षानं वाढतं. सामना हरला तर पुढचा येतो. वय गेलं की ते काही परत येत नाही.

संघ मुळात रुचाचा. रुचा म्हणजे पूनमचंद-प्रेमाबाईंची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला असते. तीन वर्षांमागं तिच्या ऑफिसनं तिला सहा महिने जर्मनीला धाडलं, तेव्हा जाता जाता तिनं संघ आईच्या गळ्यात टाकला. आई, फक्त शुक्रवारी एक बटण दाबजो, म्हणाली. प्रेमाबाई काय नुसतं बटण दाबणाऱ्यांतल्या आहेत का? कायले दाबू ते सांग, म्हणून त्या अडून बसल्या. पोरीनं तासभर समजावलं आणि बाईंनी शाळेच्या दोनशेपानी वहीत सगळं उतरवून घेतलं. पास देणं, उडी मारून चेंडू पकडणं, लांबून नेम धरणं, समोरच्याला अडवणं, अशी एकेका कसबाची इंग्रजी नावं आणि पुढं मराठी अर्थ. रुचा परत आली तेव्हा संघ एक पायरी वर चढलेला होता. तिनं कपाळाला हात लावला, खेळ चालवणाऱ्यांना रीतसर कळवलं आणि संघ आईच्या नावावर करून टाकला. संघाचं नाव आधीपासूनच होतं, कामरगाव कळस.

लोकांना वाटतं, बाईंना म्हातारपणी फोनचं वेड लागलं. वेड खरंच, पण ते असं आकाशातून पडलं नाही. त्याच्यामागं एक जुनी गोष्ट आहे, जी त्या घरात कुणी काढत नसे.

रुचा दहावीत होती, सन दोन हजार आठ. पोरगी उंच, शिकायला कारंज्याला, आणि तिथल्या मैदानावर चेंडू हातात आला की तिला दुसरं काही सुचत नसे. त्या वर्षी अमरावती विभागाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. शिबिर अमरावतीला, आणि तारखा नेमक्या भादव्यातल्या दशलक्षण पर्वाच्या. जैनांच्या घरात हे दहा दिवस म्हणजे वर्षाचा गाभा. देऊळ, उपास, नियम, दिवस मावळायच्या आत जेवण. प्रेमाबाई म्हणाल्या, शिबिरात रात्री जेवायला वाढतील, ताटात कांदा-बटाटा येईल, या दहा दिवसांत घरचं माणूस बाहेर जात नसते. पुढच्या वर्षी जा. पर्व दरवर्षी येतं, तशी स्पर्धाही दरवर्षी येत असेल, असा त्यांचा साधा हिशेब. स्पर्धा आलीही. पण तोवर रुचाला सतरा उलटून गेली होती, आणि सतराखालच्या संघात सतरा उलटलेल्या पोरीला कुणी घेत नाही, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. रुचा भांडली नाही, रडली नाही. बूट धुऊन माळ्यावर टाकले आणि अभ्यासाला बसली. त्याच हिवाळ्यात शाळेच्या बक्षिसांचे पेले नाव टाकायला दुकानात आले. सतरा पेले होते. प्रेमाबाईंनी सतराही पेल्यांवर दुसऱ्यांच्या पोरांची नावं टाकली.

तर मोबाइलमधल्या पोरांचं वय शुक्रवारच्या शुक्रवारी जाताना दिसू लागलं, तेव्हा ही बाई त्यात का गुंतली, ते आता सांगायला नको.

मागच्या वर्षी नव्या पोरांच्या वाटपात त्यांच्या संघाला एक पोट्टं मिळालं. भाऊसिंग आडे, वय अठरा, उंची सहा फूट अकरा इंच. नावं खेळ स्वतःच जुळवतो, त्यात कुणाचा हात नसतो. पण प्रेमाबाईंनी ते बंजारा वळणाचं नाव वाचलं आणि ठरवूनच टाकलं की पोट्टं आपल्या मानोरा-पोहरादेवीकडचं आहे. आपल्या बाजूचं आहे म्हणजे त्याच्याकडं लक्ष द्यायला पाहिजे, असं त्यांनी पूनमचंदांना ऐकवलं. पूनमचंद म्हणाले, त्याच्या मायबापाले कळवलं का? बाई वही उघडून बसल्या.

एवढ्या उंच पोराचं काय करतात, ते या खेळातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला टोपलीखाली उभं करायचं आणि उड्या मारायला शिकवायचं. बाईंनी मात्र त्याचे आकडे तीनदा वाचले. पास देण्यात त्याला वीसपैकी चार होते. ज्याला बाकीच्यांच्या डोक्यावरून सगळं मैदान दिसतं, त्याला पास देता आला तर काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि तिथंच बसला. पण पास शिकवायचा तर त्याला चेंडू पुढं आणणाऱ्याच्या जागी खेळवावं लागतं, जिथं एरवी चपळ, बुटकी पोरं असतात. त्यांनी भाऊसिंगला तिथं उभं केलं.

आणि मग संघ जो हरत सुटला, विचारू नका. भाऊसिंगच्या हातून कुणीही यावं आणि चेंडू घेऊन जावं. पहिल्या हंगामात कामरगाव कळस गटातल्या चौदापैकी अकरा सामने हरला. सोळा संघांच्या त्या गटात देशोदेशीची माणसं. त्यांनी चर्चेच्या पानावर बाईंची यथेच्छ टिंगल केली. पूनमचंद या खेळाला रिकामटेकडेपणा म्हणायचे, पण गल्ल्यावरून हळूच मान वर करून विचारायचे, काहून, आजही हारलो का आपण? बाईंच्या लक्षात आलं की माणूस 'आपण' म्हणू लागलाय. त्यांनी काही दाखवलं नाही. सामना गेला तर जाऊ द्या, पोट्टं घडून राह्यलं, एवढंच म्हणाल्या.

घडत होतंच. दर शुक्रवारी वहीत एक ओळ चढायची. या आठवड्यात कुठं खेळवला, किती मिनिटं, का खेळवला, काय वाढलं. पास पाच. पास सहा. मधे दोन आठवडे दम वाढवला, कारण पोरगं शेवटच्या दहा मिनिटांत धापा टाकत होतं. मग लांबून नेम. मग परत पास. पास अकरावर गेला तेव्हा तीच टिंगल करणारी मंडळी भाऊसिंगला विकत मागू लागली. फिनलंडचा पेक्का नावाचा एक मॅनेजर तर अर्धा संघ द्यायला निघाला होता. बाईंनी त्याला कळवलं, घरचं पोरगं विकत नसतात.

एक दिवस अपूर्वाचा निरोप आला. ही रायपूरची पोरगी, खेळातल्या भारतीय मॅनेजरांनी मतं देऊन तिला भारताच्या एकवीस वर्षांपर्यंतच्या संघाची मॅनेजर नेमलं होतं. तिनं लिहिलं होतं की असा उंच आणि पास देणारा मुलगा तिला दुसरीकडं कुठंच दिसला नाही. पास चौदावर गेला की तो भारताच्या संघात. यादी चौदा सप्टेंबरच्या रविवारी बंद होणार, आणि लगेच पुढच्या आठवड्यात भाऊसिंगला बावीस पुरी होणार; यादीत नाव आधी लागलं असेल तरच त्यापुढं खेळता येणार. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही. प्रेमाबाईंनी तो निरोप चारदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. पास तेव्हा तेरा होता. चौदा व्हायला दोन शुक्रवार पाहिजे होते.

दोन्ही शुक्रवार दशलक्षण पर्वातले निघाले.

आता प्रेमाबाईंचा पर्वातला नियम असा की दहा दिवस फोनला हात लावायचा नाही. रुचानं पुण्याहून सांगितलं, आई, यावेळी नियम जरा सैल कर. बाई म्हणाल्या, नियम सैल करायचा असता तर तुह्याच वेळी केला असता. रुचानं लगेच विषय बदलला. दुसऱ्याचा संघ आपण चालवणं खेळाच्या कायद्यात बसत नाही, त्यामुळं रुचालाही हात लावता येणार नव्हता. शेवटी बाईंनी दोन आठवड्यांच्या सहाही सामन्यांची मांडणी आगाऊ करून ठेवली, फोन स्टीलच्या डब्यात घातला, झाकण दाबून बसवलं आणि देवळात गेल्या.

दहा दिवस जीव टांगणीला. मधेच भाऊसिंगचा पाय मुरगळला तर बदली खेळाडू आपोआप उतरणार, अठ्ठेचाळीस मिनिटं भरणार नाहीत, आणि इकडं कुणाला पत्ताही लागणार नाही. प्रवचन चाललंय आणि बाईंच्या डोळ्यांपुढं मुरगळलेला पाय. त्यांनी देवापुढं ते कबूलही केलं. अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपास झाला, दुसऱ्या दिवशी पारणं झालं, आणि मग रविवारी सकाळी त्यांनी डबा उघडला. फोन चार्ज होईपर्यंत त्या त्याच्यापुढं पाट मांडून बसल्या होत्या.

पास चौदा.

प्रेमाबाईंनी अशी हाक मारली की पूनमचंद हातातला तांब्या टाकून धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. बाईंनी फोन पुढं धरला. पूनमचंदांनी आकडा पाहिला, मग बायकोकडं पाहिलं. मागच्या वर्षी चार होता न, म्हणाले. त्यांना मागच्या वर्षीचा आकडा पाठ होता. बाईंना त्या घडीला आपलं पोरगं आणि आपला नवरा, दोघांचाही अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. पर्व संपल्यावर या दिवशी जैन माणूस सगळ्यांची माफी मागतो. घरच्यांची, शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची, ज्याच्याशी वर्षभरात बोलणं-चालणं झालं त्या प्रत्येकाची. प्रेमाबाई हे काम यादी करून करतात. जीपवाले झाले, भाजीवाली झाली, अकोल्याचा भांड्यांचा व्यापारी झाला. मग त्यांच्या मनात आलं, वर्षभर आपण ज्यांच्याशी खेळलो त्या पंधरा मॅनेजरांचं काय? कुणाला हरवलं, कुणाला तोडून बोललो. त्यांनी फोनकडून इंग्रजी करून घेतलं आणि पंधराही जणांना पाठवलं. जाणूनबुजून किंवा नकळत माझ्या हातून तुमचं काही वाईट झालं असेल, तर मनापासून क्षमा मागते. मन कसं हलकं झालं.

मंगळवारी सकाळी कामरगाव कळसवर कुलूप.

झालं होतं ते असं. गेल्या हंगामात पेक्काचा संघ एका सामन्यानं वरच्या गटात जायचा राहिला होता, कारण त्याच्या स्पर्धकाशी कामरगाव कळस हरला होता. भाऊसिंगला चुकीच्या जागी खेळवून हरला होता. पेक्काच्या मनात किडा तेव्हापासूनच होता. त्यात या बाईचा कबुलीजबाब आला, जाणूनबुजून वाईट केलं म्हणून. त्या माणसाला क्षमावाणी कुठून माहीत असणार? फिनलंडात कुणी गुन्हा केल्याशिवाय माफी मागत नसावं. त्यानं खेळाच्या चालकांकडं तक्रार केली की ही बाई मुद्दाम सामने हरते आणि आता स्वतःच कबूल करते. चौकशी पुरी होईपर्यंत संघ बंद, आणि बंद संघातला खेळाडू देशाच्या यादीत घेता येत नाही. अपूर्वाचाही निरोप आला. रविवारी रात्रीपर्यंत जागा अडवून ठेवते, त्यापुढं माझ्या हातात नाही.

प्रेमाबाईंनी त्या दिवशी एका ताटावर नाव टाकायला घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. एका पर्वानं लेकीचं वय गेलं, आता दुसऱ्या पर्वानं याचंही जाणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. पूनमचंदांनी गिऱ्हाइकाला चहाला पाठवलं.

दुपारी रुचाचा फोन आला. चालकांनी खुलासा मागितला होता आणि इंग्रजी तीच लिहून देणार होती. तिनं सोपा मार्ग काढला होता.

"आई, थो मेसेज चुकून गेला, असं लिहून टाकतो. सारं इथंच मिटून जाते."

"चुकून कायले?" प्रेमाबाई म्हणाल्या. "मी समजून-उमजून माफी मांगतली. आता माफी मांगतल्याची माफी मांगू काय?"

रुचानं परोपरीनं समजावलं, भाऊसिंगची शपथ घातली. बाई हलल्या नाहीत. स्टीलवर टाकलेलं नाव आणि तोंडानं मागितलेली क्षमा, दोन्ही पुसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी रुचानं हात टेकले आणि म्हणाली, बरं, तू सांग, मी लिहितो.

बाईंनी वही मांडीवर घेतली आणि सांगत गेल्या. आमच्याकडं वर्षातून एक दिवस सगळ्यांची माफी मागतात, गुन्हा केला म्हणून नव्हे, माणूस आहे म्हणून. मग पंचावन्न आठवड्यांची वही. कोणत्या आठवड्यात भाऊसिंगला कुठं खेळवलं आणि का, पास किती होता आणि किती झाला. पेक्काच्या स्पर्धकाशी हरले त्याही आठवड्याची ओळ होती, पास नऊवरून दहा. पानांचे फोटो पूनमचंदांनी काढले, दुकानाच्या पायरीवर उजेडात धरून, एकेक पान सरळ करत. तिकडं रुचाच्या बोटांची टकटक ऐकू येत होती.

"झालं?" रुचानं विचारलं.

"नाई. शेवटचं लिही. या खेळात मी जाणूनबुजून कोणाचं वाईट केलं नाई. पण खेळाच्या बाहेर एका पोरीचं केलं. तिची निवड झाली होती अन मी तिले घरात बसवून ठेवलं. तिचं वय निघून गेलं. सतरा वर्षं झाली, दरवर्षी साऱ्या गावाची माफी मांगून राह्यली मी, तिची मांगाची राह्यली. तिनं मले क्षमा करावी."

टकटक थांबली. पूनमचंद वहीचं पान धरून पायरीवर तसेच उभे राहिले.

"आई, हेही इंग्रजीत लिहू?" रुचानं विचारलं.

"लिही. जसंच्या तसं."

रुचानं लिहिलं, जसंच्या तसं. मग मराठीत, फक्त आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "केव्हाची केली, आई. तू मांगतलीच नाई म्हणून सांगता आलं नाई." प्रेमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्याच क्षणी फोटो नीट आले का म्हणून विचारलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं. चालकांनी पंचावन्नही आठवडे वहीशी ताडून पाहिले होते. एकही ओळ खोटी निघाली नाही. कुलूप काढलं आहे. खाली एक ओळ जास्तीची होती. बारा वर्षांत गुन्हा न करता माफी मागणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं; पुढच्या वर्षी पाठवाल तेव्हा सोबत दोन शब्द खुलाशाचे लिहावेत, ही विनंती. आणि पाठोपाठ पेक्काचं पत्र. तक्रार मीच केली, असं त्यानं साफ लिहिलं होतं, आणि पुढं फोनकडून करून घेतलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत क्षमा मागितली होती. रविवारपर्यंत पंधरापैकी अकरा जणांनी बाईंची उलट माफी मागितली. एकानं तर चर्चेच्या पानावर उडवलेली टिंगल स्वतःच पुसून टाकली.

रविवारी रात्री नाही, दुपारीच अपूर्वानं यादी लावून टाकली. बारा नावं. नववं नाव भाऊसिंग आडे, आणि पुढं कंसाबिंसात नाही, ठळक अक्षरांत, कामरगाव कळस.

पहिला सामना पुढच्या शनिवारी भरदुपारी, फिलिपिन्सशी. त्या दिवशी पूनमचंदांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. ऐन धंद्याच्या वेळी जे कधी घडलं नव्हतं, ते घडलं. आत तिघं. प्रेमाबाई, पूनमचंद, आणि फोनच्या पडद्यावर पुण्याहून रुचा. या खेळात चित्र दिसत नाही, नुसत्या ओळी येतात, कुणी कुणाला पास दिला, कुणाचा नेम चुकला. रुचा त्या वाचून मराठीत सांगत होती. सामन्याचे चार पाव असतात; पहिल्या दोन पावांत भाऊसिंग बाकावर, भारत सात गुणांनी मागं. तिसऱ्यात त्याला उतरवलं. पहिलाच चेंडू त्याच्या हातून निसटला. पूनमचंदांनी डोळे मिटले. मग ओळ आली, भाऊसिंगचा डोक्यावरून पास, टोपली. परत आली. परत आली. रुचा वाचता वाचता ओरडू लागली, अगदी कारंज्याच्या मैदानावर ओरडायची तशी. भाऊसिंगनं नऊ पास असे दिले की त्यांच्यावर टोपल्या झाल्या. भारत चार गुणांनी जिंकला. आणि प्रेमाबाई, ज्यांनी अकरा पराभव तोंडातून अवाक्षर न काढता गिळले होते, त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्यं पोट्टं हाये थे."

त्यानंतर पूनमचंदांना कोण आवरणार? पातेलं घ्यायला आलेल्याला आधी भाऊसिंग ऐकावा लागे, मग भाव. रिठदचा एक पाहुणा हे सगळं मन लावून ऐकून म्हणाला, पोरगा घरी केव्हा येते? पूनमचंद म्हणाले, मोबाइलमधी राह्यते थो. पाहुणा पातेलं न घेताच गेला. प्रेमाबाई मान खाली घालून मशीन चालवत होत्या, पण हसू काही लपत नव्हतं.

दिवाळीला रुचा आली. पाडव्याच्या सकाळी पूनमचंदांनी वरच्या फळीवरची पितळी कळशी उतरवली, दुकानातली सगळ्यात जड, फडक्यानं लख्ख पुसली आणि बायकोपुढं ठेवली. हिच्यावर भाऊसिंगचं नाव टाक, म्हणाले, दुकानात दर्शनी ठेवू. प्रेमाबाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि आखायला बसल्या. बराच वेळ आखत होत्या. पूनमचंदांना राहवेना. त्यांनी वाकून वाचलं, मग परत वाचलं.

"साल चुकलं न तुह्यं," ते म्हणाले. "दोन हजार आठ टाकलं. अन हे नाव..."

"साल बरोबर हाये," प्रेमाबाई म्हणाल्या. "द्यायले उशीर झाला."

मग त्यांनी कळशी रुचाकडं वळवली आणि शिरस्त्याप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं. चि. रुचा हिस, अमरावती विभागाच्या बास्केटबॉल संघात निवड झाल्याबद्दल, सन दोन हजार आठ, आईकडून. टाकू का, विचारलं. रुचानं नुसती मान हलवली.

"तोंडानं हो म्हण," प्रेमाबाई म्हणाल्या.

"हो," रुचा म्हणाली, आणि बाईंनी मशीन लावली.